शिकवताना आपल्याच तोंडून जुन्या बाई का बोलतात?

शिकवण्याचं तिसरं वर्ष चालू असलेल्या एका गणिताच्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. लहानपणी एका बाईंनी तिला फळ्यापाशी उभं करून ‘इतकं सोपं गणित येत नाही?’ म्हणत सगळ्या वर्गासमोर लाजवलं होतं. आपण असं कधीच करायचं नाही, असं मनाशी पक्कं करून ती या पेशात आली. आणि आता एखाद्या दमलेल्या दुपारी तेच वाक्य, त्याच सुरात, तिच्याच तोंडून निघतं. उलट ज्या सरांवर तिचा जीव होता, त्यांच्यासारखं शिकवायला गेलं की तास फसतो. तर या आठवणींचं करायचं काय? आणि वर्गातल्या मुलांना त्या सांगाव्यात का?

मागच्या बाकावर बसून नव्या शिक्षकांचे पाठ पाहणं हे माझं काम. तुमच्या बाईंचं ते वाक्य मी जवळजवळ दर सत्रात कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकते. फरक इतकाच, की बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही नसतं. तास संपल्यावर विचारलं तर ‘मी असं म्हटलं?’ म्हणून तो माझ्याकडेच संशयानं पाहतो. तुमच्या ध्यानात आलंय. एवढ्यानं ते सुटत नाही, पण हात घालायला जागा मिळते.

याचं कारण स्वतःच्या स्वभावात शोधू नका. शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकी पेशाबद्दल एक साधी गोष्ट दाखवून दिली, आणि तेव्हापासून शिक्षक-प्रशिक्षणात तिला बगल देता आलेली नाही. इतर पेशांत माणूस मोठा झाल्यावर उमेदवारी करतो, म्हणजे जाणत्याचं काम पाहत शिकतो. शिक्षकाची उमेदवारी पहिलीत बसल्या दिवशीच सुरू होते. शाळा संपेपर्यंत मूल शिक्षकांच्या प्रत्यक्ष सहवासात सुमारे १३,००० तास काढतं, असा त्यांचा हिशोब होता. डॉक्टर होणाऱ्यानं डॉक्टरला काम करताना पाहिलेलं असतं ते आजारी पडल्यावर, दहा मिनिटं. वकील होणाऱ्यानं तर बहुधा कोर्टाची पायरीही चढलेली नसते. शिक्षक होणारा मात्र प्रशिक्षणाला येतो तोच भरलेल्या पोत्यासारखा. वर्षा-दोन वर्षांत आम्ही त्यात जे काही घालतो ते वरच्या वर राहतं. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक केनेथ झाइक्नर आणि रॉबर्ट टबॅचनिक यांनी १९८१ मध्ये विचारलं होतं, की प्रशिक्षणात शिकलेलं प्रत्यक्ष शाळेत गेल्यावर धुऊन जातं का? त्यांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एक आम्हा प्रशिक्षकांना झोंबणारी आहे: धुऊन जायला ते मुळात मुरलेलंच नसावं.

या उमेदवारीत एक गोम आहे, तीही लॉर्टींनीच दाखवली. मूल शिक्षकाला फक्त समोरून पाहतं. बाई काय बोलल्या, कुठे उभ्या राहिल्या, कुणाला उठवलं, हे त्याला दिसतं. आज हेच गणित का घेतलं, काल वह्या तपासताना काय आढळलं म्हणून धडा एक पाऊल मागे नेला, कोणत्या मुलाला मुद्दामच प्रश्न विचारला नाही, हे त्याला दिसत नाही. कृती दिसते, तिच्यामागचं कारण दिसत नाही. तेरा हजार तास आपण कारणांवाचूनच्या कृती गोळा करत असतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. तुम्ही ज्या दोन आठवणी लिहिल्यात, त्या बाई आणि ते सर, त्यांचा तुमच्या शिकवण्यावर परिणाम आहे हे खरं. पण माझ्या मते त्याहून फार मोठा परिणाम आहे तो तुम्हाला अजिबात न आठवणाऱ्या तासांचा. फळ्यापाशी उभं राहिल्याची ती काही मिनिटं तुम्हाला लख्ख आठवतात. त्या वर्षातले बाकीचे शेकडो तास? बाईंनी प्रश्न विचारला, पहिला हात वर झाला, त्याला उठवलं, उत्तर बरोबर आलं, ‘शाब्बास’, पुढचा प्रश्न. उत्तर चुकलं, ‘बस खाली, दुसरं कोण सांगेल?’ हे इतक्या वेळा घडलं, की घटना म्हणून त्याची नोंदच झाली नाही. वर्ग असाच चालतो, एवढंच मनात बसलं. आणि ज्याची आठवणच नाही त्याच्याविरुद्ध प्रतिज्ञा तरी कशी करणार?

शिक्षणाचे अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं, की प्राथमिक वर्गातल्या शिक्षकाची मुलांशी दिवसभरात हजारापर्यंत देवाणघेवाण होते: प्रश्न, उत्तर, नजर, दटावणी, परवानगी. हजार वेळा थांबून, विचार करून कोणी वागू शकत नाही. त्यातल्या बहुतेक ठिकाणी आपण हाताला येईल ते वापरतो, आणि हाताला येतं ते तेरा हजार तासांतलं. सकाळी पहिल्या तासाला डोकं ताजं असतं, तेव्हा ठरवलेलं वागणं जमतं. शेवटच्या दोन तासांना ठरवणारा भागच दमलेला असतो. तुमचं ते वाक्य दुपारीच का निघतं, याचं उत्तर त्या बाईंपाशी नाही, वेळापत्रकात आहे.

हे एकेका माणसापुरतं नाही, हे दाखवणारा एक मोठा अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स स्टिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण तपासलं. जर्मनीतले १००, अमेरिकेतले ८१, जपानमधले ५०. एकाच देशातल्या अनोळखी शिक्षकांचे तास एकमेकांसारखे निघाले, आणि देश बदलला की तासाचा घाटच बदलला. अमेरिकेत शिक्षक रीत दाखवायचा आणि मुलं तशीच उदाहरणं सोडवायची. जपानमध्ये आधी एखादं अवघड उदाहरण मुलांपुढे टाकायचे, त्यांना झगडू द्यायचे आणि मग त्यांच्या रीती फळ्यावर मांडून बोलायचे. हा घाट त्या शिक्षकांना कुणी समोर बसवून शिकवला नव्हता. ते त्याच घाटाच्या वर्गांत लहानाचे मोठे झाले होते.

एक पाठ जवळून दाखवते, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही. विषय अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर १/३ + १/४. शिकवणारी मुलगी नवी, हसतमुख, आवाज मऊ. तिलाही तुमच्यासारखीच एक जुनी जखम होती आणि तिचीही तीच प्रतिज्ञा होती. एक मुलगा उठून म्हणाला, ‘दोन छेद सात.’ ती म्हणाली, ‘नाही रे राजा, बस. कोण सांगेल?’ दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सात छेद बारा.’ ‘छान! टाळ्या हिच्यासाठी.’ टाळ्या झाल्या, पुढचं उदाहरण फळ्यावर आलं. माझ्या शेजारच्या मुलाच्या वहीत २/७ होतं. टाळ्या चालू असताना त्यानं ते खोडलं आणि शेजाऱ्याच्या वहीत पाहून ७/१२ लिहिलं. बारा कुठून आले हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या उदाहरणात त्यानं पुन्हा अंशात अंश, छेदात छेद मिळवले.

तास संपल्यावर ती म्हणाली, ‘मी कुणालाही लाजवलं नाही.’ खरंच नव्हतं लाजवलं. बाईंच्या शिकवण्यातला कडवटपणा तिनं नेमका काढून टाकला होता. पण प्रश्न, पहिला हात, चूक की बस, बरोबर की टाळ्या, हा सांगाडा तसाच्या तसा राहिला होता, कारण तो कुणी तिला कधी दाखवलाच नव्हता. २/७ हे उत्तर हवेतून येत नाही. त्यामागे पूर्ण संख्यांची शिकलेली रीत असते, आणि एका मुलानं ते मोठ्यानं म्हटलं की वर्गात आणखी पुष्कळ वह्यांत ते असतं. तिथे तिला एवढंच विचारायचं होतं: ‘दोन छेद सात मोठं, की एक छेद तीन?’ २/७ हे १/३ पेक्षा लहान आहे. १/३ मध्ये आपण काहीतरी मिळवलं आणि उत्तर १/३ हूनही लहान आलं! हा धक्का मुलांना बसला, की छेद सारखे का करायचे यावर वर्ग आपणहून बोलायला लागतो. या एका प्रश्नासाठी आवाज मऊ असून भागत नाही. चुकलेल्या उत्तरापाशी थांबायची सवय लागते, आणि ती सवय आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलीच नाही.

थांबण्यावरून सांगते. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबायचे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न फिरवायचे, दुसऱ्याला विचारायचे, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून टाकायचे. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि जी मुलं एरवी तोंड उघडत नसत तीही बोलू लागली. तुम्ही उद्या घड्याळ लावून पाहा. वर्गातली तीन सेकंदांची शांतता भलतीच लांब वाटते. अंगात मुरलेलं बदलताना कसं वाटतं, त्याचा हा छोटा नमुना समजा.

आता नावडत्या आठवणीची दुसरी बाजू. ‘मी त्यांच्यासारखं कधीच वागणार नाही’ ही प्रतिज्ञा ऐकायला फार चांगली वाटते, पण मला तिची थोडी धास्ती वाटते. कारण उलटी नक्कलही नक्कलच असते. चाल अजून त्या बाईच ठरवत असतात. फळ्यापाशी अपमान झालेल्या एका शिक्षकाला मी ओळखते. त्यानं ठरवून टाकलं, की आपल्या वर्गात कुणालाही फळ्यापाशी बोलवायचं नाही. मुलं निर्धास्त होती, पण मूल कोणत्या पायरीवर अडतं हे त्याला चाचणीचे पेपर हातात येईपर्यंत कळायचंच नाही. फळ्यापाशी उभं राहून मोठ्यानं विचार करणं ही गणितात मोलाची गोष्ट आहे. वाईट होतं ते तिथं एकट्याला न्यायासनापुढे उभं केल्यासारखं उभं करणं. दोन-दोन मुलांना जोडीनं बोलवता येतं, ‘अर्धवट सोडवलंत तरी चालेल, पुढचं वर्ग सांगेल’ असं म्हणता येतं, आपण स्वतः खाली बाकावर जाऊन बसता येतं. आठवण डाचत असली की एवढं वेगळं करून पाहायला मन तयार होत नाही, ते सगळंच टाकून देतं. दुसऱ्या एकीला लहानपणी फार गृहपाठ होता म्हणून ती अजिबात देत नसे. तिसरीला परीक्षेची भीती वाटायची, म्हणून ती मुलांना त्यांचे गुण सांगायला कचरायची आणि मुलं आपण कुठे आहोत या चिंतेत राहायची.

गणिताच्या बाबतीत तर हे जपूनच घ्यायला हवं. शाळेत गणिताचा धसका घेतलेली बरीच माणसं पुढे प्राथमिक शिक्षक होतात आणि तेच गणित शिकवतात. मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग अभ्यासले. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेची गणिताची भीती आणि मुलींची गणितातली गती यांचा संबंध दिसला नव्हता. वर्षअखेरीस मात्र, शिक्षिकेची भीती जितकी जास्त तितक्या ‘मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात’ असं मानणाऱ्या मुली जास्त निघाल्या, आणि असं मानणाऱ्या मुली गणितात मागेही पडल्या. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर डोलारा उभारू नये. पण वर्गात बसून जे मला दिसतं त्याच्याशी तो जुळतो: बाई ‘गणित कठीण नसतं हं’ असं तोंडानं म्हणत असतात आणि उदाहरण जरा वळण घ्यायला लागलं की घाईनं उत्तराच्या पानाकडे वळतात. मुलं कान देतात त्याहून जास्त डोळे देतात.

आवडत्या सरांचं काय? हे प्रकरण मला जास्त रंजक वाटतं, कारण इथे कुणी वाईट नाही आणि तरी तास फसतो. तुम्ही लिहिलंय, की सर प्रत्येक धड्याला एखादी गोष्ट सांगायचे, वर्ग डोलायचा. तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा मुलं गोष्ट ऐकतात आणि गणिताला परत येत नाहीत. सरांची गोष्ट तुम्ही बाकावरून पाहिलीत. ती कुठे सुरू करायची, कुठे अर्धी तोडायची, कोणत्या प्रश्नावर सोडायची, हे त्यांनी आधी ठरवलं असणार. कदाचित पहिली काही वर्षं त्यांच्याही गोष्टी अशाच वाहवत गेल्या असतील. तुमच्या वाट्याला आले ते मुरलेले सर. नोकरीच्या विसाव्या वर्षीचे सर डोळ्यांपुढे ठेवून तिसऱ्या वर्षीच्या स्वतःला मोजणं हा हिशोबच चुकीचा आहे. शिवाय त्यांचा आवाज, अंगयष्टी, विनोदाची पद्धत त्यांची होती. उसना विनोद मुलं लगेच ओळखतात.

ते सर अजून भेटण्यासारखे असतील तर जाऊन भेटा. ‘तुम्ही किती छान शिकवायचात’ हे जरूर म्हणा, पण तिथेच थांबू नका. विचारा: तासाच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करायचात? गोष्ट फसली तर काय करायचात? मागच्या कोपऱ्यातल्या मुलांसाठी वेगळं काही करायचात का? ज्यांनी असं विचारलंय त्यांना बरेचदा अनपेक्षित उत्तरं मिळालीत. एका लाडक्या बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला सांगितलं, की गोष्टी त्या मुख्यतः स्वतःला धीर यावा म्हणून सांगायच्या, आणि खरं शिकवणं वह्या तपासताना समासात लिहिलेल्या शेऱ्यांतून व्हायचं. विद्यार्थिनीला शेरे आठवतच नव्हते.

आता आठवणीच्या खरेपणाबद्दल थोडं, कारण त्यावर बराच भार टाकला जातो. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, दर वेळी नव्यानं जुळवतो, आणि जुळवताना आपल्या समजुतीत बसेल अशी करून घेतो. शिक्षक झाल्यावर आपल्या शाळेच्या आठवणी आपण शिक्षक म्हणून पुन्हा जुळवतो. त्यामुळे प्रसंगाचे तपशील, म्हणजे बाई नेमकं काय म्हणाल्या, किती वेळ उभं केलं, हे कदाचित वेगळंही असेल. लाज वाटली होती हे मात्र त्या मुलीनं सोसलेलं आहे. त्यावर मी शंका घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतली तर मनावर घेऊ नका.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की आठवण एकाच बाकावरून पाहिलेली असते. पाठांच्या पहिल्या आठवड्यात मी नव्या शिक्षकांना एक काम देते. आवडता एक तास आठवा आणि लिहा: शिक्षकांनी काय विचारलं, तुम्ही वहीत काय लिहिलंत, आणि तुमच्या मागच्या बाकावरचं मूल त्या वेळी काय करत होतं. पहिल्या दोन प्रश्नांवर पानं भरतात. तिसऱ्यापाशी पेन अडतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘तो बहुतेक रोज झोपलेला असायचा.’ ज्या तासानं आपल्याला घडवलं त्याच तासात तो मुलगा रोज झोपत होता! सर वाईट होते असं यातून निघत नाही. आपल्या आवडत्या तासाचा नमुना आपल्यासारख्या मुलांवर चालला, एवढंच निघतं.

आणि शिक्षक होतात ती बहुतेक आपल्यासारखी मुलं. शाळा ज्यांना मानवली, निदान झेपली, तीच पुन्हा शाळेत यायला तयार होतात. ज्यांना शाळा नको नको झाली ती वेगळ्या वाटेनं गेली. म्हणून शिक्षक-खोलीत बसून आपण ‘आम्ही असेच शिकलो, आमचं काय बिघडलं?’ असं म्हणतो तेव्हा समोरून कुणी हरकत घेत नाही. ज्यांचं बिघडलं ते त्या खोलीत नसतात. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ हे वाक्यही त्याच खोलीतलं. त्यावर मी वाद घालत बसत नाही. मुलावर हात उगारायचा नाही, ही गोष्ट कुणाच्या आठवणीवर ठरत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, आठवणी उकरणं थोडं थांबवा आणि आजचा तास ऐका. शाळेत परवानगी विचारून आपल्या एका तासाचं फोनवर ध्वनिमुद्रण करा, स्वतःपुरतं, नंतर पुसून टाकायचं. घरी कागद घेऊन ऐका. चुकीचं उत्तर आलं त्या प्रत्येक ठिकाणी तुमचं पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. बाकी काही लिहू नका. ऐकवत नाही, हे मला ठाऊक आहे; आपला आवाज कुणालाच आवडत नाही. तरी एक तास पुरा ऐका. कागदावर वाक्यांची यादी होईल, आणि ती तुमच्या अपेक्षेपेक्षा बरीच लहान असेल. आपण सगळे तीन-चार वाक्यांवर वर्ष काढतो. त्यातलं प्रत्येक वाक्य कुठून आलं ते तुम्हाला कदाचित ओळखू येईल, कदाचित नाही. ओळख पटली नाही तरी काम अडत नाही.

मग एकच वाक्य निवडा. तुमच्या बाबतीत ते ठरलेलंच आहे. ‘हे बोलायचं नाही’ असा निश्चय करू नका. दमलेल्या दुपारी निश्चय टिकत नाही, आणि तोंड रिकामं ठेवलं की जुनंच वाक्य त्यात शिरतं. त्या जागी दुसरं वाक्य आधीच तयार ठेवा, आणि ते तुमच्या रोजच्या बोलण्यातलं असू द्या. पुस्तकी वाक्य आयत्या वेळी जिभेवर येत नाही. ‘इतकं सोपं येत नाही?’ च्या जागी मी बऱ्याच जणींना ‘इथपर्यंत कशी आलीस ते सांग’ असं सुचवलंय. काहींना ‘थांब, हे बघूया’ जमतं. पाठ टाचणाच्या वहीत वरच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवा. पहिले काही आठवडे ते नाटकी वाटेल. तुम्हाला वाटेल, मुलांना नाही. आणि दुपारच्या तासांना अवघड नवा भाग घेणं टाळता येत असेल तर टाळा. वेळापत्रक आपल्या हातात नसतं, पण कोणता भाग कोणत्या तासाला घ्यायचा हे थोडंफार असतं.

जुनं वाक्य तरीही एखाद्या दिवशी निघेलच. निघालं तर त्याच तासात, त्याच वर्गासमोर, थोडक्यात परत घ्या: ‘मी आत्ता बोलले ते बरोबर नव्हतं. पुन्हा बघू तुझं गणित.’ लाजवणं सगळ्यांदेखत झालं असेल तर नंतर एकटीला बोलावून समजूत काढणं पुरत नाही. लांबण लावू नका. फार माफी मागितली की मुलीलाच तुमची समजूत काढावी लागते.

एक सवय जागेवर बसायला अर्धं सत्र सहज जातं. तोवर दुसरीला हात लावू नका. उत्साहाच्या भरात पाच गोष्टी एकदम बदलायला घेतलेले शिक्षक दिवाळखोरासारखे महिन्याभरात जुन्या घरी परतलेले मी पुष्कळ पाहिलेत. जमल्यास एखाद्या सहकारी शिक्षिकेला तुमच्या तासाला बसायला सांगा आणि तिला एकच काम द्या: कोणत्या मुलांना तुम्ही आज एकदाही विचारलं नाही, त्यांची नावं लिहून ठेवायची. बाकी अभिप्राय नको. त्या नावांत लहानपणची तुम्ही बसलेली असाल, किंवा तुमच्या मागच्या बाकावरचं ते मूल.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलांना आपल्या आठवणी सांगाव्यात का. सांगा, पण क्वचित, आणि छोट्या. ‘आमच्या वेळी’ नं सुरू होणारं काहीही सांगू नका. मुलं ऐकण्याआधीच ते निकालात काढतात. लाजवल्याचा तो प्रसंग सध्या तरी नको. तो तुम्हाला अजून बोचतोय, आणि दुखरी गोष्ट ऐकली की मुलं गणित सोडून तुम्हाला जपायला लागतात. त्यापेक्षा एखाद्या संकल्पनेत आपण कुठे आणि का अडलो होतो हे सांगणं कामाचं असतं. ‘ऋण गुणिले ऋण धन का, हे मला आठवीत पटलंच नव्हतं, नुसतं पाठ केलं होतं. तुमच्यात कुणाला पटलंय?’ एवढं विचारून थांबा, निदान तीन सेकंद. हात वर करणाऱ्यांपेक्षा न करणारी मुलं कोणती ते पाहा आणि तिथून तास सुरू करा.